मधली रिकामी फीत

त्या पदकपट्टीवर आमचे दोघांचे हात एकदमच पडले.

जर्मनीतल्या कासेल शहरात, एका व्यायामशाळेत वर्षातून एकदा जुन्या सैन्यपदकांचा बाजार भरायचा. चौऱ्याहत्तर सालचा ऑक्टोबर होता. बाहेर धुकं, आत ओल्या कोटांचा वास. मी तेव्हा एकतीस वर्षांचा, घरोघरी नळ बसवणारा माणूस. उरलेला वेळ एकाच नादात जायचा. दुर्मिळ पदकं शोधायची, आणि ती कुणाच्या छातीवर होती ते हुडकून काढायचं.

"सोडा," ती म्हणाली.

"तुम्ही सोडा."

"मी आधी पाहिली."

"मी आधी धरली."

"बाईच्या हातातलं हिसकावता? शोभतं का?"

"हिसकावतोय कुठे... नुसता धरून उभा आहे."

ती हसली, पण हात सोडला नाही. तिची बोटं गार होती. पन्नास वर्षं झाली, अजून आठवतात.

"अहो, लग्न जमवायचं असेल तर बाहेर जा," विकणारा म्हातारा करवादला. "माझी गिऱ्हाइकं अडलीत!"

पट्टी तशी साधी. तीन फिती शेजारी शेजारी शिवलेल्या. कडेच्या दोन फितींना पदकं होती. मधली, निळी, पिवळ्या काठांची फीत रिकामी. म्हाताऱ्याला पट्टी मोडकी वाटत होती. मला नाही. निळ्या फितीचा तो क्रॉस एका छोट्या संस्थानाच्या ड्यूकने पहिल्या महायुद्धात दिला होता, तोही जखमींना वाहून आणणाऱ्या मोजक्या शिपायांना. नियम असा होता की, माणूस जिवंत असेपर्यंत क्रॉस त्याचा. तो गेला की घरच्यांनी दरबारात परत पाठवायचा.

"म्हणून ही रिकामी जागाच खरी," मी तिला म्हणालो. "लबाड माणसाने इथे नकली क्रॉस लटकवला असता."

तिने निळ्या फितीवरून अंगठा फिरवला. मग हळूच म्हणाली, "म्हणजे... आजी खरं बोलत होती."

तिचं नाव आल्मुट. तिचे आजोबा सतरा साली लढाईत गेले. त्यांना क्रॉस मिळाला होता आणि तो आपण परत पाठवला, असं आजी आयुष्यभर सांगत आली. घरात कुणाचा विश्वास नव्हता. दर नाताळला 'आजीचा अदृश्य क्रॉस' म्हणून थट्टा चालायची. उरलेली पट्टी मामाने घर बदलताना अडगळीबरोबर विकून टाकली होती. आता आजी ब्याऐंशीची, डोळे जवळजवळ गेलेले. आजीच्या हयातीत ती पट्टी आल्मुटला शोधून काढायची होती.

तिने पर्समधून आजोबांचा फोटो काढला आणि पट्टीशेजारी धरला. तिचा चेहरा पडला.

"ही नाही. फोटोत पदकं पट्ट्याआड गेलीत, पण मधली फीत पांढरी आहे, काठ काळे... घ्या तुम्ही."

आणि तिने हात सोडला.

पट्टी माझी झाली होती. अशी फीत मी कितीतरी वर्षं शोधत होतो. आता फक्त गप्प बसायचं होतं. ती कोटाची बटणं लावायला लागली...

"थांबा," मी म्हणालो. "त्या काळच्या फोटोच्या काचांवर निळा रंग पांढुरका उमटायचा आणि पिवळा काळा. ही तीच फीत आहे."

मी खिशातलं भिंग तिच्या हातात दिलं. फोटोत डावीकडची फीत जराशी तिरकी शिवलेली दिसत होती. पट्टीतही ती तिरकीच होती. तेवढीच, तशीच.

ती बराच वेळ भिंगातून बघत राहिली. मग माझ्याकडे बघितलं, भिंग न काढता.

"गप्प बसला असतात तर पट्टी तुमची झाली असती. का सांगितलंत?"

"तुम्ही हात सोडलात ना... मग मजा गेली."

"विचित्र आहात."

"नळवाला आहे."

"मग रविवारी कॉफीला या, नळवाले. आजीचं खरं होतं हे तुम्हीच सगळ्यांसमोर सांगा. माझं कोण ऐकतंय?"

गेलो. फुल्डा नदीकाठचं घर, टेबलावर आलुबुखाराचा केक. "हा कोण नवा पंडित?" मामा म्हणाले. मी काही बोलायच्या आत आल्मुटने पट्टी आजीच्या हातात ठेवली. आजीची बोटं फितींवरून फिरली आणि डावीकडच्या फितीवर थांबली.

"तिरकी," आजी म्हणाली. "त्याची सुट्टी संपली होती, गाडीची वेळ झालेली. मी घाईघाईत शिवली. म्हणाला, राहू दे, पुढच्या सुट्टीत उसवून नीट कर."

मामांनी काटा खाली ठेवला. मग मी क्रॉसचा नियम सांगितला. मामा उठले, आजीच्या खुर्चीपाशी जाऊन बसले. "आई," एवढंच म्हणाले.

थोड्या वेळाने आजी माझ्याकडे वळली. "मुला, केक आवडला नाही का? मला दिसत नाही, पण तुझ्या काट्याचा आवाज येत नाहीये. आल्मुटकडे बघत बसला असशील."

आल्मुट लाजली. मी केक तोंडात कोंबला.

पुढच्या वसंतात, त्याच नदीकाठी, मी खिशातून पितळेचा वायसर काढला. नळाचा, नवाकोरा, घासून चकचकीत केलेला.

"हे काय?"

"माझा क्रॉस. जिवंत असेपर्यंत तुझा. नंतर परत करायचा."

"कुणाला?"

"मला."

"आणि तू आधी गेलास तर?"

"मग ठेव तुझ्याकडेच."

"अंगठी घ्यायला जीव जातो, आणि वर नियम सांगतोस!" म्हणाली, आणि वायसर गळ्यातल्या साखळीत ओवला. "पट्टीवर लावू का? मधली जागा रिकामी आहे."

"नको. ती रिकामीच खरी."

अंगठी मी नंतर आणली. पण साखळीतून वायसर तिने कधी काढला नाही. मी उशिरा घरी आलो की तो चिमटीत धरून दाखवायची. "परत करू?"

गेल्या मार्चमध्ये इस्पितळातल्या नर्सने तिच्या वस्तूंची पिशवी माझ्या हातात दिली. चष्मा, अंगठी, साखळी.

"हे नळाचं काहीतरी चुकून आलंय का?" तिने विचारलं.

"नाही," मी म्हणालो. "ते मला परत आलंय."

आजीची पट्टी आता आमच्या भिंतीवर आहे. मुलगी म्हणते, "बाबा, आईचा वायसर तिथे मधे लावा ना, छान दिसेल." मी लावत नाही. तो माझ्या खिशात असतो, भिंगाशेजारी. चालताना दोन्ही एकमेकांवर आपटून बारीक आवाज येतो.