एका दातावरून

"अरे बापरे! हे कोणी लिहिलंय?"

वागळे इस्टेटमधल्या चहाच्या टपरीवर शेजारी उभा असलेला उंच मुलगा मोबाइलमध्ये बघून एवढ्या जोरात ओरडला, की पायलच्या हातातलं कटिंग तिच्याच ओढणीवर सांडलं. तिने त्याच्या मोबाइलमध्ये डोकावलं. बातमी तिच्याच न्यूज पोर्टलची होती – 'माणूस आणि माकडातला हरवलेला दुवा अखेर सापडला!'

"मी लिहिलंय," ती फणकारली. "काय झालं?"

"अहो... सापडलाय एक दात," तो कसाबसा म्हणाला. "एक! त्यावरून तुम्ही अख्खा माणूस उभा केलात? वर त्याला दाढीसुद्धा लावलीत?"

"फोटोशिवाय कोण वाचतं?"

"आणि दुवा कसला? उत्क्रांती म्हणजे साखळी नाही, झुडूप आहे. हा दात कुठल्या फांदीचा, ते बाकीच्या दातांशी ताडून बघितल्याशिवाय कळत नाही. तोवर आम्ही लिहितो – तूर्त अनिश्चित."

पायल खळखळून हसली. तो बघतच राहिला.

हा ठाकुर्लीचा रत्नदीप. आदिमानवाच्या हाडांवर प्रबंध लिहिलेला, तो बांधून घ्यायला इथे आलेला. प्रबंध बांधून झाला, तरी स्वारी रोज दुपारी टपरीवर हजर! पायलला काय कळत नव्हतं होय? अहो-जाहो कधी गळून पडलं, ते मात्र दोघांनाही कळलं नाही.

"आणि माझं काय रे?" एका सोमवारी तिने हळूच विचारलं. "मी कुठल्या फांदीवर?"

त्याचे कान लाल झाले. "तूर्त... अनिश्चित."

पायलने ग्लास खाली आपटला. "बरं. रविवारी कल्याणचा मुलगा बघायला येतोय मला. ताडून बघ तोवर!"

ती वळूनही न बघता निघून गेली.

शनिवारी तो तडक तिच्या ऑफिसात घुसला. मोबाइल समोर धरलेला. पोर्टलवर नवीन बातमी होती – 'फक्त एक दात सापडला. तो कोणाचा, अजून माहीत नाही.' खाली चूक कबूल केलेली, दाढीवाला गायब.

"हे... माझ्यासाठी?"

"खरं होतं म्हणून. साहेबांनी झापझाप झापलंय, कोणी वाचत नाहीये."

"मग मी देतो हेडिंग." सगळं ऑफिस माना वर करून बघत होतं. त्याने डोळे मिटले. "एका कटिंगवरून संशोधकाने उभा केला अख्खा संसार!"

पायलच्या तोंडाचा आ वासला. हा? हा बोलला? डोळे भरून आले तिचे, पण सोडते कसली!

"पुरावा अपुरा आहे."

"पायल, प्लीज... तुझ्याशिवाय नाही जमणार मला. हे नक्की आहे, शंभर टक्के."

"मग उद्या दिव्याला आमच्या घरी ये. आई पोहे करतेय."

"अगं, पण तो कल्याणचा मुलगा?"

"त्याला मंगळवारीच नाही म्हणून कळवलंय," पायल म्हणाली. "आईला सांगितलंय, ठाकुर्लीचा येतोय."