मधल्या घंटेचा सराव

सांगायला मला लाज वाटते, हे आधीच सांगून टाकतो. भीतीही वाटते, पण लाज जास्त. हे सगळं याच वर्षीचं आहे, त्यामुळे ती अजून ताजी आहे.

सुरुवात अगदी साधी झाली. फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी लाकडाच्या गिरणीतून सुटलो आणि यर्नेयकाकांकडे मनोऱ्याची किल्ली मागायला गेलो.

आमच्या डोंगरगावातल्या चर्चच्या मनोऱ्यात तीन घंटा आहेत. सणाला आम्ही त्या दोर ओढून हलवत नाही. तीन माणसं वर चढतात, प्रत्येक जण आपल्या घंटेच्या आतला लोखंडी लोलक हातात धरतो आणि काठावर ठोके देतो. लहान, मधली, मोठी. दुसऱ्याच्या ठोक्यांच्या फटीत आपला ठोका बसवायचा. जमलं तर वाटतं, एकच माणूस वाजवतोय. नाही जमलं तर काय होतं, ते मी नुकत्याच झालेल्या मेणबत्त्यांच्या सणाला साऱ्या गावाला ऐकवलं होतं.

मधली घंटा गाश्परची. शरदात सफरचंदं उतरवताना तो शिडीवरच गेला, हृदय बंद पडून. त्याची जागा मी मागून घेतली. पन्नाशीत कुणी मासे धरतो, कुणी मधमाश्या पाळतो. मला लहानपणापासून या ठोक्यांचं वेड. ऐकताना वाटायचं, यात काय मोठंसं आहे! लोलक हातात आल्यावर कळलं काय आहे ते.

यर्नेयकाका मोठी घंटा वाजवतात आणि आम्हा तिघांचे म्होरके आहेत. दारातच म्हणाले, "किल्ली कशाला?"

"सराव करीन म्हणतो. रोज."

"कर बाबा. बेकरीतली तोंचका विचारत होती, मनोऱ्यातून भांड्यांचं फडताळ जिन्यावरून घरंगळलं की काय."

माझे कान तापले. काकांनी खुंटीवरची जादा किल्ली काढून माझ्या हातात दिली, पण लगेच सोडली नाही.

"ईस्टरपर्यंत बघू, विन्को. नाही बसलं तर शेजारच्या पोदगोर गावाहून माणूस आणावा लागेल."

पोदगोरचा माणूस आमच्या मनोऱ्यात! त्यापेक्षा थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

"आणि गाश्परची नक्कल करू नकोस," काका म्हणाले. "तो डावरा होता, भिंतीच्या अंगाला उभा राहायचा. तू उजव्या हाताचा. तू खिडकीकडून वाजव."

तर रोज गिरणी सुटली की मी वर चढायचो. खाली आवाज जाऊ नये म्हणून लोलकाला मेंढीचं कातडं गुंडाळायचो, म्हणजे नुसतं बद्द-बद्द ऐकू येई. तरी कुणी खालून गेलं की मी चोरासारखा थांबायचो. वाढलेला माणूस, केस पिकलेले, आणि एकटाच कातड्यावर ठोके मारतोय. कुणी विचारलं असतं तर तोंड कुठे लपवलं असतं?

आठवडे गेले तरी काही सुधारेना. मनात एक-दोन-तीन म्हणत दुसऱ्यांच्या जागा सोडायच्या आणि आपल्या जागी मारायचं, एवढंच. पण हात एक तर घाई करी नाहीतर झोपे. घरी मी चमच्याने सूपच्या वाडग्यावर ताल धरायचो.

"जेवतोयस की वाजवतोयस?" पावला विचारायची. पावला माझी बायको. "वाजवतच असशील तर नीट वाजव. सूपसुद्धा बिचकतंय."

मग मार्चमध्ये एके दिवशी बसलं. एकदम बसलं. फट सोडली, ठोका दिला, फट सोडली, ठोका दिला, आणि मला ऐकू न येणाऱ्या दोन घंटांच्या मधोमध माझी घंटा चपखल चालू लागली. आनंदाने मला हसू फुटलं. त्याच वेळी वास आला. मनोऱ्यात एरवी मेणाचा आणि थंड धातूचा वास असतो. हा वास वाळवलेल्या नासपतींचा होता.

गाश्परच्या खिशात कायम वाळवलेल्या नासपतींच्या फोडी असायच्या. वाजवताना एक गालात धरायचा. पण वाळवलेल्या नासपती आमच्याकडे कुणाच्या घरी नसतात? मी तिकडे लक्ष दिलं नाही. लक्ष गेलं ते पायांकडे. मी भिंतीच्या अंगाला उभा होतो, जिथे त्याच्या बुटांनी फळीला दोन खळगे पाडले होते तिथे. उजव्या हाताने तुळई धरली होती. लोलक डाव्या हातात होता.

मी मुकाट्याने खाली उतरलो. उजवा हात थकला असेल, म्हणून बदलला असेल, असं स्वतःला समजावलं. दुसऱ्या दिवशी खिडकीकडे उभा राहून उजव्या हाताने सुरू केलं, तर पुन्हा भांडी घरंगळली. थोडा वेळ दम धरला, आणि मग... मग मीच पलीकडे गेलो. मला कुणी ढकललं नाही. मी चालत गेलो आणि त्या खळग्यांत पाय ठेवले. लाज म्हणतो ती ही.

डाव्या हाताने मी साधा खिळासुद्धा ठोकू शकत नाही. आणि तो हात दिवसेंदिवस तयार होत गेला. तर्जनीच्या मुळाशी घट्टा आला, पिवळा, गुळगुळीत, जुना. नवा घट्टा असा नसतो. गिरणीत मी हातमोजे काढेनासा झालो.

ईस्टरच्या आदल्या रविवारी, झावळ्यांच्या रविवारी, तिघांनी मिळून वाजवायचं ठरलं. लहान घंटेवर ओझ्बे, पोस्टमन, गाश्परचा जुना दोस्त. मी भिंतीकडे जाऊन उभा राहिलो तशी काकांची भुवई वर गेली. आम्ही सुरू केलं. मी काहीच करत नव्हतो, हात करत होता. शेवटाकडे, दोन ठोक्यांच्या मधल्या रिकाम्या जागेत, त्याने एक हलका, चोरटा ठोका सरकवला.

ओझ्बेचा लोलक तिथल्या तिथे थांबला.

"हा ठोका तुला कुणी शिकवला?"

"कुठला?"

"चोरटा. गाश्परचा. मी तीस वर्षं मागत होतो, त्याने मला नाही दिला. म्हणायचा, हा युस्तिनासाठी आहे. ती अंगणात उभी राहून त्याची वाट बघते."

युस्तिना म्हणजे गाश्परची बायको.

दोघं माझ्याकडे बघत राहिले. तेव्हा खरं सांगता आलं असतं. मी म्हणालो, "सराव केला."

काकांनी माझ्या पाठीवर थाप मारली. जरा जपूनच मारली.

ईस्टरआधीच्या गुरुवारी आमच्याकडे घंटा मुक्या होतात, थेट शनिवारपर्यंत. पोरांना सांगतात, घंटा रोमला गेल्यात. काका स्वतः वर जाऊन तिन्ही लोलक दोरीने बांधतात आणि खाली पोरं लाकडी खटखटे फिरवतात. त्या दिवसांत घंटेला हात लावण्याइतकं वाईट आमच्या गावात दुसरं काही नाही. मला मात्र हायसं वाटलं. म्हटलं, हात जरा विसावेल.

गुड फ्रायडेला दुपारी मी स्वयंपाकघरात बसलो होतो. बाहेर लख्ख ऊन. पावला ईस्टरच्या गोड पावासाठी पीठ लाटून त्यावर अक्रोडाचं सारण पसरत होती.

"थांबव ना ते," ती म्हणाली.

"काय?"

"हात."

माझा डावा हात टेबलावर ठोके देत होता. मी बघेपर्यंत मला कळलंही नव्हतं. आणि मग पावलाने लाटणं खाली ठेवलं, मान तिरकी केली.

"विन्को... ऐक."

मनोऱ्यातून मधली घंटा वाजत होती. बद्द... बद्द... कातड्यातून आल्यासारखी. गल्लीतल्या खटखट्यांचा आवाज थांबला. कुणीतरी खिडकी उघडली. मी उजव्या हाताने डावा हात दाबून धरला, आणि घंटा थांबली. सोडला... सुरू झाली.

पावला माझ्या हाताकडे बघत होती. तिच्या तोंडून टोमणा निघाला नाही, तेव्हा मी खरा घाबरलो.

थोड्या वेळाने यर्नेयकाका दारात आले, धापा टाकत. "किल्ली कुठाय तुझी?"

"ती काय खुंटीवर," पावला म्हणाली. "आणि हा जेवणापासून माझ्यासमोर बसलाय, काका. हललेला नाही."

काका खुर्चीवर टेकले. "मी वर जाऊन आलो. लोलक बांधलेले आहेत. गाठ माझीच आहे." मग हळूच म्हणाले, "हात दाखव."

मी टेबलाखालून काढून दाखवला. त्यांनी घट्ट्यावरून अंगठा फिरवला. मग उजवा मागितला. तो नुसता गिरणीकामगाराचा हात होता.

"हा हात मी ओळखतो," काका म्हणाले. पिठावरचं सारण तसंच पडून होतं.

"रविवारी येऊ नकोस, विन्को. पोदगोरला निरोप धाडतो. तू आजारी आहेस म्हणून सांगीन. कुणी तुला हसणार नाही, शब्द देतो. पण त्याला पुन्हा वर नेऊ नकोस... त्याचं जे राहिलंय ते घंटेशी नाही."

पावला म्हणाली, "येत नाही म्हण."

माझ्या डोळ्यांसमोर मात्र वेगळंच उभं राहिलं. ईस्टरची पहाट, चर्चभोवती फिरणारी मिरवणूक, वर बघणारी तोंचका, आणि आमच्या घंटेवर पोदगोरचा कुणीतरी. दोन महिने जिने चढलो ते काय आजारी पडायला?

"मी येईन," मी म्हणालो. "सराव मी केलाय."

पावलाने लाटणं उचललं आणि माझ्याकडे पाठ केली.

ईस्टरच्या पहाटे आम्ही वाजवलं. त्याचं मी काय सांगू? तसं वाजलेलं मी जन्मात ऐकलं नव्हतं, आणि ऐकणाऱ्यांतलाच मी एक होतो. डावा खांदा माझ्या अंगावर बसवल्यासारखा चालत होता. नासपतींच्या वासाने गुदमरायला झालं. शेवटी तो चोरटा ठोका पडला, आणि ओझ्बेने डोळे मिटून घेतले.

खाली उतरलो तर लोकांनी घेरलं. "काय वाजवलंस रे!" तोंचका म्हणाली. "फडताळ आपलं आपण उचलून भिंतीला लागलं म्हण की!" फादरनी सर्वांसमोर सांगितलं, रोजच्या सरावाने काय होतं ते या माणसाकडे बघून शिका. मी मान खाली घातली. लोकांना वाटलं, किती विनयी माणूस आहे.

तेवढ्यात गर्दी बाजूला झाली. युस्तिना येत होती. गाश्परला पुरल्यापासून ती चर्चला आली नव्हती. अंगावर घरातलाच झगा, त्यावर शाल, पायांत अंगणातल्या सपाता.

"युस्तिनावहिनी," मी म्हणालो आणि उजवा हात पुढे केला.

तिने तो पाहिलाच नाही. खाली वाकून तिने माझा डावा हात घेतला, दोन्ही हातांत धरला आणि तर्जनीच्या मुळाशी बोट फिरवलं. मग त्याच्याशीच बोलावं तसं हळू म्हणाली,

"इतके दिवस कुठे होतास रे?"

मला तिला सांगायचं होतं की वहिनी, मी विन्को, मला माफ करा. हात मागे घ्यायला गेलो, तर बोटं तिच्या बोटांत गुंतून मिटली.

"सोड," पावला माझ्या कानाशी म्हणाली. सारं गाव बघत होतं. "विन्को... सोड ना तिला..."

मी सोडवत होतो, सगळा जोर लावून सोडवत होतो. आणि माझा अंगठा युस्तिनाच्या मनगटावर ठोके देत होता, अगदी सावकाश. शेवटाला आल्यावर तो क्षणभर थांबला. युस्तिनाने श्वास रोखला. मग त्याने मधल्या रिकाम्या जागेत तो हलका ठोका दिला, आणि ती हसली.