ओठावरचा त

होडीत पाऊस आडवा येत होता. तो शर्टाखाली लॅपटॉप दडवून बसलेला, आणि समोर नेओमी... केळीच्या पानाखाली डोकं झाकून खुदुखुदु हसणारी.

"काय नाव म्हणालास?"

"तारिवो."

"चूक! शहरातला दिसतोस. आमच्या बेटावर हा त दातांवर नाही म्हणत. जीभ वरच्या ओठाला लाव... हं. तारिवो."

मूळच्या बेटावरच्याच, पण लुगनव्हिल शहरात वाढलेल्या त्या मुलाला आपलं नाव त्या दिवशी पहिल्यांदा आवडलं.

नेओमी बेटावर पहिलीला शिकवायची. तिच्या मुलांसाठी बेटाच्या भाषेतलं पहिलं पुस्तक कॉम्प्युटरवर जुळवायला तारिवो आला होता. ओठावरचा तो त लिहिताना भाषेचे अभ्यासक साध्या अक्षराखाली एक खूण काढतात, अगदी उडत्या समुद्रपक्ष्यासारखी.

"हा पक्षी शेजारच्या अक्षराखाली का जाऊन बसतोय?"

"तू तो आधी टाइप केलास, बाईसाहेब. कॉम्प्युटरमध्ये अक्षराचा नंबर वेगळा, पक्ष्याचा वेगळा. आधी अक्षर, मागून पक्षी. मग दोघं नीट एकत्र दिसतात."

"मग झालं की!"

"नाही ग... मी दोघांना मिळून एकच नंबर मागितलाय. परदेशातली समिती देते. एकदा दिला की कायमचा, कुणी काढून घेत नाही. तो मिळाला की—"

"मिळाला की काय?"

"तेव्हा सांगेन."

"आत्ता सांगितलंस तर जीभ झडणार आहे का?" ती त्याच्याकडे न बघता म्हणाली, "आणि हे बघ, आमच्याकडे मुलगी मागायला मामा येतो, चटया घेऊन. समिती नाही येत."

तो हसला. वेडा नुसताच हसला!

मामा आला. तारिवोचाच मामा, चटया आणि डुक्कर घेऊन... पण थोरल्या भावासाठी, मोलितासासाठी. घरात कुणाला या दोघांचं काही ठाऊकच नव्हतं. ठाऊक होणार तरी कसं?

नेओमीने त्याला किनाऱ्यावर गाठलं. "तारिवो, अजून वेळ आहे. तू बोललास तर मी बाबांना नको म्हणेन."

"दादा फार खूश आहे ग..."

"आणि तू?"

त्याने खाली बघितलं. ती वळून निघून गेली.

लग्नानंतर समितीचं उत्तर आलं. वेगळा नंबर मिळणार नाही, आहेत ते दोन पुरेसे आहेत. तारिवोने ते वाचलं आणि त्याला स्वतःचाच भयंकर राग आला. पुस्तक तर केव्हाच छापता आलं असतं. बोलताही आलं असतं.

पुस्तक छापून आलं तेव्हा शाळेत सगळं गाव जमलं. तारिवो मागे दाराशी उभा होता. पहिल्या पानावर पुस्तक करणाऱ्याचं नाव होतं, पक्ष्यासकट, अगदी जागच्या जागी. हेडमास्तर म्हणाले, "नेओमी, वाचून दाखव."

तिने पुस्तक मुलांपुढे धरलं. त्या बेटावर बायको नवऱ्याच्या भावाचं नाव घेत नाही, मरेपर्यंत घेत नाही. हेडमास्तरांनी जीभ चावली.

"मुलांनो, तुम्ही वाचा," ती म्हणाली, आणि फळ्याकडे तोंड करून उभी राहिली.

मुलांनी जिभा ओठांना लावल्या आणि एका सुरात त्याचं नाव घेतलं. तिने शिकवलं होतं तसंच, एकही चूक नाही. तारिवो शेवटपर्यंत कान देऊन ऐकत राहिला... तिचा आवाज त्यात नव्हता.