बर्फावरची होडी

कॅनडातल्या जेम्स उपसागराकाठच्या क्री आदिवासींच्या वस्तीत मॉन्ट्रियलहून शिकून परतलेल्या हॅरिएटनं हिवाळाभर एकच ध्यास घेतला होता. बर्फ फुटला, की आजोबांच्या वाटेनं वरच्या तळ्यापासून नदी उतरायची. आपली नदी आपल्याच माणसांनी विसरायची नाही! नकाशे तिचे, सामानाची यादी तिची, तळ्यावर सोडणाऱ्या विमानवाल्याशी बोलणंही तिचंच. आणि सायलस मामानं होडीची मागची जागा, दिशा देणाऱ्याची, दिली तिच्या मावसभावाला. शाळा अर्धवट सोडलेल्या एमेटला.

"तू पुढं बस. नजर चांगली आहे तुझी," मामा म्हणाला.

"आणि तोंडही," एमेट हसला. "दगड आला की ओरडायचं, बाईसाहेब. व्याख्यान नको."

एप्रिलची दुपार होती. प्रत्यक्ष जाण्याआधी नदी अंगणात, मनातल्या मनात उतरायची, ही त्यांच्या घरची रीत. बर्फावर ठेवलेल्या होडीत तिघं बसले, मामा मधे. हातात वल्ही, डोळे मिटलेले. मामा एकेका धारेचं, खडकाळ उताराचं नाव घेई, पुढं बसणारा आठवून दगड सांगे, मागं बसणारा वल्हं वळवी. खरी नदी अजून दोन हात बर्फाखाली गपगार होती.

पहिली धार झाली. दुसरी झाली.

"वा रे पोरा," मामा पुटपुटला. एमेटलाच. हॅरिएटचं काळीज करपलं.

"तिसरी."

मधोमध काळा दगड. तिला पक्का ठाऊक होता. पण चुकू दे ना एकदा... मामाला कळू दे.

"हॅरिएट...?" मागून एमेट. "अगं, सांग ना... आहे का काही?"

ती गप्प राहिली.

होडी खालून करकरली. गार, मातकट पाण्याचा वास आला. मग पोटातलं पाणी ओकावं तसा खोकला.

तिनं वळून पाहिलं. एमेट केसांपासून बुटांपर्यंत निथळत होता. मामा कोरडा. तीही कोरडी.

"तूच बस मागं," तो म्हणाला. दात वाजत होते. तिच्याकडं न बघता तो घरात गेला.

मामानं डोळे उघडलेच नाहीत. "नदी अर्ध्यात सोडायची नसते. बस. पहिल्यापासून."

ती मागं बसली. हवी होती तीच जागा. डोळे मिटले.

"दगड... डावीकडं."

तिनं वल्हं वळवलं आणि मग तिला आठवलं, पुढं कुणीच नाही. आवाज पुढूनच आला होता, आणि तो तिचाच होता. डोळे उघडायचा धीर होईना. दुसऱ्या धारेलाही प्रत्येक दगड वेळेवर, बिनचूक.

"तिसरी," मामा म्हणाला.

होडी हलू लागली.

"सांग ना..." हॅरिएट कुजबुजली. "सांग..."

पुढं कुणीतरी श्वास रोखून बसलं होतं.