स्टेपनीचा दांडा

ही गोष्ट माझ्यासोबत घडली आहे. शेजारणीच्या मावशीसोबत नाही. ज्यांना पटत नसेल त्यांनी इथेच थांबावं, मला कोणाची मनधरणी करायची नाही.

आणि रात्रीची वाट बघू नका. भर दुपारी घडलं. डोळे दिपतील असं ऊन होतं. डोंगराच्या चढणीवर एक वळण आहे, दोन्ही बाजूंना नुसतं वाळलेलं गवत. तिथे.

आमचं गाद्या-उशांचं दुकान. नवरा गेल्यावर ते मी उभं केलं. शाळेत फार गेले नाही, पण गादीला टाका घालावा तर मीच. लेक मोठा झाला, गाद्या पोचवायला लागला. भाड्याच्या टेम्पोत त्याच्या शेजारी मी बसायची. रस्ता मी सांगायची, गिऱ्हाइकाशी मी बोलायची.

मग त्याचं लग्न झालं. त्याच महिन्यात त्याने जुनी पिकअप घेतली.

पिकअपला पुढे दोनच सीट.

एक त्याची. दुसरी कोणाची, ते मी सांगायला नको.

विकणारा म्हातारा होता. चावी देताना त्याने मागच्या नंबरप्लेटच्या वरचं एक भोक दाखवलं. म्हणाला, "स्टेपनी हौद्याखाली साखळीला टांगलेली आहे. या भोकातून हा लांब दांडा घालायचा, आत खाच सापडते, मग फिरवायचं. टक टक करत चाक खाली येतं. हा दांडा नसेल तर स्टेपनी निघत नाही."

आणि आणखी एक सांगितलं.

"दांडा गाडीतच ठेवा. सीटच्या मागे. घरात नेऊ नका."

का, ते सांगितलं नाही. आणि मी तर ऐकलं एवढंच... हा नसेल तर निघत नाही.

त्याच संध्याकाळी मी तो दांडा घरी आणला. माझ्या घरात कोठीची चावी माझ्याकडे, कपाटाची माझ्याकडे, मग हा कोणाकडे असणार? लेक हसला. "आई, चोर काय दांडा नेणार आहे?"

"चोर नाही नेत," मी सुनेकडे बघत म्हणाले, "घरातलीच माणसं नेतात."

उशाशी ठेवला. लांबच्या फेरीला निघायचं तर आधी माझ्याकडे यावं लागेल. मग येतात की नाही बघू!

रात्री त्यांच्या खोलीतून हसण्याचा आवाज यायचा. इतकं काय हसायचं असतं, देव जाणे. मी भिंतीकडे तोंड करून पडायची. आणि मग उशाजवळ आवाज यायचा...

टक.

टक.

मी म्हणायची, उंदीर असेल.

त्या दिवशी गाद्या माझ्या जुन्या गिऱ्हाइकाच्या होत्या. म्हणून मीही निघाले. सून म्हणाली, "आई, तुम्ही पुढे बसा, मी मागे बसते."

"नको गं बाई. तुझी जागा तुलाच लखलाभ."

मी हौद्यात गाद्यांवर बसले. राणीसारखी. फक्त डोक्यावर ऊन होतं. मागच्या काचेतून दोघांची डोकी दिसत होती. एक सारखं दुसऱ्याकडे वळत होतं. माझ्या मांडीवर पिशवी, पिशवीत दांडा.

वळणावर मागचं चाक पंक्चर होऊन बसलं.

लेक उतरला. आम्ही पहिल्यांदाच स्टेपनी काढत होतो. दांडा भोकात घातला, खाच सापडेना. मी त्याच्या हातातून घेतला, दोनदा चाचपला, बसला.

"बघ," मी म्हटलं, "अजून लागते ना म्हातारी?"

मी फिरवत गेले. चाक निम्मं उतरलं आणि तिरकं होऊन अडकलं. कोणी सांगावंही लागलं नाही. सूनबाई पदर खोचून सरळ गाडीखाली शिरल्या.

लेकाचा चेहरा बघायला हवा होता. "कशालाच घाबरत नाही बघ ही," तो म्हणाला. अशा आवाजात तो माझ्याबद्दल कधी बोलला नव्हता.

चाकांना लावायला दगड आणतो म्हणून तो उताराकडे गेला.

खालून सून म्हणाली, "आई, साखळीची पट्टी चाकाच्या भोकात अडकली आहे. मी हात घालून सरळ करते. तुम्ही दांडा धरून ठेवा, हलवू नका हं."

मी धरला.

गवतात किडे किरकिरत होते. खालून तिचं गुणगुणणं ऐकू येत होतं. माझ्या मनात आलं... अडकू दे हिचा हात. एकदाच. मग कळेल, शेजारी बसणं म्हणजे काय ते.

नुसतं मनात आलं.

किडे थांबले.

एकदम. सगळे.

आणि दांडा फिरला...

टक.

उलटा. चाक वर ओढणारा.

टक. टक.

"आई! हात आहे माझा! आई!"

मी दोन्ही हातांनी दाबून धरला. पण माझ्या हातांवर... दुसरे हात होते.

दिसत नव्हते. पण होते. गार नव्हते, ऊनही नव्हते. खरखरीत होते, आयुष्यभर राबलेल्या बाईचे. आणि सांगू का, ते हात माझ्याशी भांडत नव्हते. घाई नव्हती त्यांना. ते मला मदत करत होते.

खाली सून ओरडली. शब्दच नाही, नुसती किंकाळी.

मी सगळं अंग दांड्यावर टाकलं. "सोड!" मी ओरडले. "सोड मेले! माझी सून आहे ती! माझी आहे!"

एक क्षण काहीच नाही.

मग दांडा सैल झाला. मी भराभर चाक उतरवायच्या बाजूला फिरवला, ते धपकन खाली आलं. लेक धावत आला, त्याने तिला पायांना धरून बाहेर ओढलं. तिची बोटं काळीनिळी झाली होती.

पोरगी रडली नाही. दुसऱ्या कोणाची सून असती तर मला फार आवडली असती.

ती माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "मी फिरवला नाही गं."

"माहीत आहे."

"कसं माहीत?"

"खालून पायच दिसतात ना, आई." तिचा आवाज बारीक झाला. "तुमच्या चपला दिसत होत्या. जागच्या जागी. आणि तुमच्या शेजारी... आणखी दोन पाय होते. अनवाणी. टाचा उचललेल्या. जोर लावताना माणूस उभं राहतं ना, तसे."

मागे तर नुसता रस्ता होता.

दुसऱ्या दिवशी लेक त्या म्हाताऱ्याकडे गेला. म्हाताऱ्याने आधी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "माझी पहिली बायको तो दांडा उशाशी घेऊन झोपायची. आजारी पडली तेव्हाही. म्हणायची, माझ्याशिवाय तुझी गाडी पुढे जायची नाही. ती गेली, वर्षाने मी दुसरी केली. दुसरीने गाडीत पाय ठेवला..."

 मधेच तोडून त्याने लेकालाच विचारलं, "तुमच्याकडे तो कोणी उशाशी ठेवला होता का?"

हे मला सांगताना लेक माझ्याकडे बघत नव्हता.

मी स्वतःच्या हाताने दांडा गाडीत नेऊन ठेवला. सीटच्या मागे. गाडीला कुलूप लावलं.

सकाळी तो माझ्या उशाशी होता.

लेकाने आणला नाही. सुनेने तर त्याला हातही लावला नसता. आम्ही तो भंगारवाल्याला दिला, तरीही सकाळी तिथेच. आता मी कोणाला सांगत नाही. नुसती चादर ओढते त्याच्यावर.

सून पिकअपमध्ये बसत नाही. पुढची सीट आता माझी आहे. हवी होती ना, मिळाली. पण पट्टा लावायला गेले की वाटतं, कोणीतरी तो आधीच माझ्यासाठी ओढून धरला आहे.

परवा जेवताना सून म्हणाली, "आई, बोटं बरी झाली माझी. पुढच्या फेरीला मीच जाऊ का ह्यांच्यासोबत?"

लेकाचा चेहरा उजळला. मी बघितलं.

"जा की," मी म्हटलं. "मी काय कोणाला अडवते का?"

खरंच म्हटलं. तोंडाने तरी.

रात्री दिवा मालवला. पलीकडच्या खोलीत दोघं हसत होती. मी भिंतीकडे तोंड केलं.

चादरीखाली...

टक.