बोलणारी बाई पाहिजे

अन्विता पाठराबे मराठी, समोर बसलेली वनमाला ढोकेही मराठी, आणि तरी दोघींच्या मध्ये टेबलावर दुभाष्या ठेवलेला होता. नागपुरात आता याचं कुणाला नवल वाटत नसे.

दुभाष्या म्हणजे साबणाच्या वडीएवढं एक यंत्र. वनमाला जे बोलेल ते ऐकायचं आणि प्रमाण मराठीत म्हणून दाखवायचं, एवढंच त्याचं काम. उलट बाजूनं त्याची गरज पडत नव्हती, कारण अन्विताचा शब्द न् शब्द वनमालाला कळत होता. वनमालाचं बोलणं मात्र अन्विताला शेजारच्या घरात मिक्सर चालू असल्यासारखं ऐकू येत होतं. आवाज यायचा, शब्द यायचे नाहीत.

"याआधी किती बाळं सांभाळलीत?" अन्वितानं विचारलं.

"सतरा. अन् सतराच्या सतरा अजून मले रस्त्यात थांबवून बोलतात," वनमाला म्हणाली.

'उमेदवारास सतरा बालकांचा अनुभव आहे,' दुभाष्या म्हणाला.

अन्विता पुलांची तपासणी करणारी इंजिनिअर होती. नवरा दक्षिण ध्रुवावरच्या तळावर, परत यायला अजून आठ महिने. तिची रजा नऊ दिवसांत संपत होती आणि मांडीवरच्या साडेसहा महिन्यांच्या इरूनं तीन आठवड्यांत पाच बायका रडून रडून पळवून लावल्या होत्या. प्रमाण बोलणाऱ्या बायका साऱ्या शहरात मोजक्या, आणि त्यांच्याकडे लोक बाळ जन्मायच्या आधीच नाव नोंदवून ठेवत. अन्विताला उशीर झाला होता.

इरू आताही कुरकुरत होतीच. वनमालानं विचारलंबिचारलं काही नाही, सरळ हात पुढे करून तिला उचललं.

"ये माय, ये. कायले रडून रायली व? कोनं मारलं माह्या पोरीले?"

इरू थबकली. तिनं वनमालाच्या ओठांकडे टक लावून पाहिलं आणि खदखदून हसली. वनमाला पुन्हा काहीतरी म्हणाली, इरू पुन्हा हसली. जणू दोघींची जुनी ओळख होती.

'बाळा, रडण्याचे कारण काय?' दुभाष्यानं उशिरानं विचारलं.

अन्विताला बरं वाटायला हवं होतं, आणि ती घाबरली. आपल्याला जिथं नुसती घरघर ऐकू येते तिथं आपल्या मुलीला काहीतरी ऐकू येतंय, हे ती पहिल्यांदाच डोळ्यांनी बघत होती.

"तुम्हीच या," ती घाईनं म्हणाली. "सोमवारी हिच्या कानात गाळणी बसवायची आहे. मंगळवारपासून सुरू करा."

वनमालानं इरूला तिच्या मांडीवर परत ठेवलं.

"मंग मी नाही येत. माहा आवाज लेकराच्या कानात जाऊ द्याचा नाही, अन् लेकरू मातर मी सांभाळू? कायले बोलावता मले? पाळन्याले मोटर लावा. मी मुकी नाही, अन् मुकी होऊन कोनाचं लेकरू वाढवत नाही."

'उमेदवारास ध्वनिविषयक अटींबाबत चर्चा अपेक्षित आहे.'

चर्चा अपेक्षित असलेल्या बाईचा चेहरा असा नसतो, एवढं अन्विताला कान नसले तरी कळलं. दुभाष्याच्या पाठीवर एक बटण असतं, 'सौम्य' आणि 'जसंच्या तसं'. लोक ते सहसा हलवत नाहीत. तिनं हलवलं आणि वनमालाला पुन्हा सांगायची विनंती केली. वनमालानं पुन्हा सांगितलं, पहिल्यापेक्षा जोरात.

'मी मुकी नाही,' यंत्र म्हणालं, 'आणि मुकी होऊन कोणाचं मूल वाढवत नाही.'

वनमाला उठून गेली. इरूनं दार बंद होताच भोकाड पसरलं.

*

त्याच संध्याकाळी अन्विता इरूला घेऊन वडिलांकडे गेली. डॉ. श्रीरंग पाठराबे ध्वनिशास्त्रज्ञ होते, आणि गाळणी त्यांच्याच प्रयोगशाळेतून बाहेर पडली होती. तिचं खरं नाव श्रुतिशोधक. पण असल्या नावाचं लोक काय करतात ते आपल्याला माहीत आहे.

"बाबा, मी पुलांची माणूस आहे. मला कळेल असं सांगा. गाळणी नेमकं करते काय?"

डॉक्टर खुलले. हा प्रश्न त्यांना कितीही वेळा विचारला तरी आवडायचा.

"जन्मतः बाळाचा कान जगातल्या सगळ्या भाषांना उघडा असतो. साधारण सहाव्या महिन्यापासून वर्षाचं होईपर्यंत मेंदू आवराआवर करतो. जे रोज कानावर पडतं ते 'बोलणं' म्हणून जपून ठेवतो, बाकीचं गोंगाटाच्या खणात टाकतो. भांड्यांचा आवाज, पंख्याचा आवाज, त्यातच. आम्ही म्हटलं, आवराआवर होणारच आहे तर जरा हात लावू. मसुरीच्या दाण्याएवढा मणी कानात बसवायचा. प्रमाण उच्चार तो तसेच आत सोडतो, बाकीचे घासून पुसून नुसती गुणगुण करून टाकतो. सांभाळणारी बाई दिवसभर 'पानी, पानी' करो, पोराच्या कानात जाणारच नाही. मूल 'पाणी'च म्हणणार!"

"आणि वर्षानं मणी काढला की?"

"तोवर खण बंद झालेला असतो." त्यांनी चष्मा पुसायला घेतला. "तेवढं मात्र आमच्या लक्षात आलं नाही. मुलं काय बोलतील याचा आम्ही विचार केला. त्यांना काय ऐकू येणार नाही, याचा केलाच नाही."

या न ऐकू येण्याला पुढे बोलीबधिरता असं नाव पडलं. म्हणजे कान धडधाकट, पण आपल्याच भाषेची दुसरी बोली मेंदूला गोंगाट वाटते. नाव पडलं म्हणून कुणी गाळण्या बसवायचं थांबलं नाही. उलट चांगल्या शाळा प्रवेशाला गाळणीचा दाखला मागू लागल्या. बोलीबधिर असणं हे चांगल्या घरचं लक्षण ठरलं. तीन वर्षांपूर्वी पुलाच्या कामावर एक मजूर अन्विताला "बाजूले व्हा!" म्हणून जीव तोडून ओरडला होता. तिला कुठंतरी मिक्सर लागल्यासारखं वाटलं, आणि लोखंडी पट्टी तिच्या खांद्यावर आली. तेव्हापासून साइटवर दुभाष्या सक्तीचा झाला. मजुरांना काय वाटतं ते कुणी विचारलं नाही.

"माझं नशीब," अन्विता म्हणाली, "मला सांभाळायला गिरजाबाई होत्या. त्या मुक्याच होत्या, त्यामुळे त्यांचं काही गाळायला लागलं नसेल."

डॉक्टरांचा चष्मा पुसून झाला होता तरी ते पुसतच राहिले.

"बाबा?"

"गिरजा मुकी नव्हती."

"असं काय म्हणता? नऊ वर्षं मी त्यांच्या अंगाखांद्यावर होते. त्या एक शब्दही बोलल्या नाहीत."

"दिवसभर बोलायची ती. गाणी म्हणायची, गोष्टी सांगायची, आंघोळ घालताना तर तोंडाचा पट्टा चालूच. तू चार वर्षांची असताना शाळेत सांगून आलीस, आमच्या गिरजाबाई मुक्या आहेत. आम्ही आधी हसलो. मग वाटलं, असू दे. समजावत बसण्यापेक्षा ते सोपं होतं."

"आणि त्यांना? त्यांना कोणी सांगितलं का, की मला ऐकू येत नाही?"

"कळलं असेल तिचं तिला. काम सोडून गेली त्या दिवशी दारात तुला धरून बराच वेळ काहीतरी सांगत होती."

"काय सांगत होत्या?"

"माझं लक्ष नव्हतं. मी कामात होतो."

तो दिवस अन्विताला आठवत होता. गिरजाबाईंचे ओठ हलत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि नऊ वर्षांच्या अन्विताला वाटलं होतं, बिचारीला किती बोलायचंय आणि बोलता येत नाही. तिला तेव्हा दया आली होती! आता तिला इतका राग आला की समोरच्या म्हाताऱ्या माणसाशी कसं बोलावं ते सुचेना. ज्या बाईनं तिला वाढवलं तिचं एक वाक्यसुद्धा तिच्याकडे नव्हतं, आणि ज्याला ऐकू येत होतं त्यानं लक्ष दिलं नव्हतं.

"सोमवारी इरूला गाळणी बसणार नाही," ती म्हणाली.

"शाळा घेणार नाहीत तिला."

"नको घेऊ देत. जी घेईल तिथं जाईल."

"शाळेचं सोड, तुझं काय?" डॉक्टर कळवळून म्हणाले. "ती बाई दिवसभर तिच्याशी बोलणार. पोरगी आधी तिच्याचसारखं बोलायला लागणार, तोच ठसका, तोच सूर. दोघी तुझ्यासमोर हसतील, बोलतील, आणि तुला घरघर ऐकू येईल. स्वतःच्या घरात परकी होशील, अनू. तुझ्या कानांना आता काही इलाज नाही, हे मी सांगतोय."

"गिरजाबाईंनी काढलीच ना नऊ वर्षं?" अन्विता म्हणाली आणि इरूला उचलून निघाली.

*

दुसऱ्या दिवशी तिनं वनमालाला फोन लावला. दुभाष्या जोडला नाही.

"वनमालाताई, गाळणी बसवणार नाही. तुम्ही या, आणि हिच्याशी दिवसभर बोला. मला कळलं नाही तरी बोला. एवढीच माझी अट आहे."

पलीकडून बराच वेळ घरघर ऐकू आली आणि फोन बंद झाला. बाई हो म्हणाली की नाही, ते कळायला मार्ग नव्हता. मंगळवारी सकाळी आठला दारावरची घंटा वाजली. वनमाला दारात उभी होती, पिशवी घेऊन, आणि आल्या आल्या इरूशी बोलायला लागली.

दवाखान्यानं नकाराचा फॉर्म पाठवला. त्यात 'कारण' या रकान्यापुढे चार ओळींची जागा होती. अन्वितानं तिथं 'माझी मर्जी' असं लिहून सही केली. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी लिफ्टमध्ये काळजीच्या सुरात विचारलं, "मग बाळ कसं बोलेल हो?" अन्विता म्हणाली, "तोंडानं." त्या बाईंनी पुढे महिनाभर लिफ्ट सोडून जिना वापरला.

घरात दुभाष्या लावायचा नाही, हे अन्वितानंच ठरवलं. दोघी बायका खुणांनी, हातवाऱ्यांनी, चित्रं काढून निभावू लागल्या. चुका व्हायच्या. एकदा तिला समजलं की इरूला ताप आहे, आणि कामावरून धावत येऊन बघते तर इरूला दात आला होता. वनमाला पोट धरून हसली. त्या हसण्याला मात्र दुभाष्या लागत नव्हता. पण रोज संध्याकाळी अन्विता त्या दोघींसमोर बसायची, आणि वनमाला काही म्हणाली की इरू डोळे मोठे करून ऐकायची, मान डोलवायची, खिदळायची. आपण काचेबाहेर उभ्या आहोत असं अन्विताला वाटे. वाईट वाटायचंच. ते कुणाला सांगायची सोय नव्हती, कारण काच तिनं स्वतः निवडली होती.

इरूला अकरा महिने झाले तेव्हाची गोष्ट. अन्विता साइटवरून आली, बुटांवर सिमेंट तसंच. वनमालाच्या कडेवर इरू होती. गेले वीस दिवस वनमाला तिच्याकडून एकच शब्द घोटून घेत होती. स्वतःसाठी नव्हे, अन्वितासाठी. अन्विताला याचा पत्ताच नव्हता.

इरूनं आईकडे पाहिलं, दोन्ही हात पुढे केले आणि अगदी वनमालाच्या ठसक्यात म्हणाली, "माय!"

अन्विताला वाटलं, शेजारी मिक्सर लागला. तिनं सवयीनं भिंतीकडे पाहिलंसुद्धा.

"माय," इरू पुन्हा म्हणाली. तिला उत्तर हवं होतं. "माय, माय!"

तेव्हा अन्विताला दिसलं की तो आवाज त्या एवढ्याशा ओठांतून येतोय. तिनं वनमालाकडे पाहिलं. वनमालाचे डोळे भरून आले होते. तिनं एक बोट अन्विताच्या छातीवर ठेवलं, आणि मग इरूच्या ओठांवर.

अन्विताचा हात पर्समधल्या दुभाष्याकडे गेला आणि तिथंच थांबला. मुलीची पहिली हाक तिला त्या वडीएवढ्या यंत्राच्या तोंडून ऐकायची नव्हती. खरी हाक तर तिला ऐकू येणार नव्हती, आज नाही आणि उद्याही नाही.

तिनं पर्स जमिनीवर टाकली, इरूला वनमालाच्या कडेवरून घेतलं आणि साऱ्या इमारतीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली, "ओ!"