साडेचार किलो कीस

इटलीतल्या मोडेनाच्या एका कारखान्यात रिवाज होता, एक इंजिन एका माणसाचं. पहिल्या बोल्टपासून शेवटच्यापर्यंत दुसऱ्या कुणी त्याला पाना लावायचा नाही, आणि शेवटी त्याच माणसाची आद्याक्षरं ठोकायची. ओरेस्ते ग्वाल्दीने बावीस वर्षं शर्यतीची इंजिनं अशीच जुळवली होती. आता त्यातलंच एक रस्त्यावरच्या गाडीत बसवायचं होतं. वजन हवं होतं शंभर किलो आणि काटा एकशेचारवर अडून बसला होता.

"भोकं पाड, खरवड," फोरमन अझेलिओ म्हणाला. "हलकं करण्यात तुझा हात धरणारा आहे कोण?"

सोमवारी ओरेस्तेने शंभर ग्रॅम धातू काढला. ताटलीतला कीस तोलला, बरोबर शंभर. इंजिन मात्र एकशेचारच. मग गुरुवारपर्यंत रोज तेच. काटा तपासून घेतला, त्यात खोट नव्हती.

घरी बायको निवेस सारण भरलेल्या तोर्तेल्लिनीच्या दोन दोन ताटल्या हाणत होती, तरी तिचा स्कर्ट कमरेवर ठरत नव्हता. "रोज किलोभर उतरतेय," ती हसली. "शेजारणी जळतायत नुसत्या!"

एकोणपन्नास किलोची निवेस गुरुवारी पंचेचाळीसवर आली. तिथले शंभर ग्रॅम, इथला एक किलो. ओरेस्तेने दोनदा हिशेब मांडला. शुक्रवारी त्याने हत्यार उचललं नाही, तर निवेस पंचेचाळीसच राहिली. मग त्याने इंजिनाला जड बोल्ट लावून पाहिले. तिचं गेलेलं वजन परत आलं नाही.

"अझेलिओ, पाया पडतो तुझ्या. त्या इंजिनाला कुणी हात लावू नका."

"सोमवारी मालक बघायला येतायत! झालंय काय तुला?"

कारण सांगायची ओरेस्तेला लाज वाटली. बावीस वर्षं मोजमापावर जगलेला माणूस असलं काही बोलणार कसा?

"दमलायस तू," अझेलिओ म्हणाला. "घरी जा."

शनिवारी निवेस कणीक मळत होती. ओरेस्तेने चर्चमध्ये मेणबत्ती लावली, सकाळभर गुडघे टेकून रडला. दुपारी कारखान्यापाशी आला, तर अझेलिओ दारातच उभा.

"रागावू नकोस. रिवाज मोडला मी. पण तुझी नोकरी कशी जाऊ देऊ? पहाटेपासून मिलिंग मशीनवर धातू कापत बसलोय. आद्याक्षरं तुझीच ठोकलीत."

"किती काढलंस?"

"साडेचार किलो. पण तुझा काटा खुळा आहे रे, सुई हलतच नाही."

ओरेस्तेने सायकल पिटाळली.

स्वयंपाकघरात रस्सा उकळत होता. कणीक अर्धीच लाटलेली.

"निवेस!"

"इकडे आहे," स्नानघरातून आवाज आला. "आज किती बरं वाटतंय म्हणून सांगू! पण हा काटा बिघडलाय बघ."

ती दोन्ही पाय रोवून काट्यावर उभी होती. सुई शून्यावर होती.

बाहेर वारा सुटला होता. ओरेस्तेने आधी खिडकी लावून घेतली.